आपला हात जगन्नाथ

मराठी माणूस दवाखान्यातून घरी परतला की काय करतो? चपला दाराबाहेर काढतो, 'कुणी शिवू नका रे मला' असं मुलांना ओरडून सांगतो आणि तडक मोरीत शिरतो. हात, पाय, तोंड, मान, जमलं तर कानामागची जागासुद्धा साबणाने खसाखसा धुतो. काही घरांत तर कपडे बादलीत आणि माणूस शॉवरखाली गेल्याशिवाय त्याला चहा मिळत नाही.

आता हाच माणूस दवाखान्यात जायला निघतो तेव्हा काय करतो? भांग पाडतो. वाटेत हातगाडीवर केळी घेतो, एकेक केळं दाबून बघतो, मळकट नोटा मोजून देतो, सुटे पैसे मोजून घेतो, बसच्या दांडीला लोंबकळतो, रुमाल घरी राहिल्यामुळे ऐन वेळी आलेली शिंक तळहातावर झेलतो, आणि तोच तळहात पेशंटच्या गालावरून मायेने फिरवत विचारतो, "काय, कशी काय आहे तब्येत?"

तब्येत तोपर्यंत बरी असते.

सांगायचा मुद्दा असा, की धुण्याच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणारे नव्हे. फक्त आपण नंतर धुतो, आधी धुत नाही. नंतर धुतलं की वाचतो तो आपण. आधी धुतलं तर वाचतो तो समोरचा. या 'आधी' आणि 'नंतर'च्या मध्ये सबंध नीतिशास्त्र पसरलेलं आहे असं माझं नम्र मत आहे. मी पडलो बी. कॉम.; नीतिशास्त्र मला अभ्यासाला नव्हतं. पण वीस वर्षं बँकेत लोकांच्या नोटा मोजल्यावर हात या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार माणसाला पोचतो. लोक नोटा कुठून कुठून काढून देतात ते सांगितलं, तर तुम्ही हा लेखसुद्धा हात धुऊन वाचाल.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे डॉक्टरांच्या बंगल्याचा पहिला मजला, दहा खाटा आणि खाली औषधांचं दुकान. साहेबाच्या देशात मात्र नर्सिंग होम म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याची जागा. तशा जागा आता आपल्याकडेही गावोगाव झाल्या आहेत, पण त्यांना नाव देताना आपली जीभ अडखळते. 'वृद्धाश्रम' म्हटलं की मुलाला अपराध्यासारखं वाटतं, म्हणून मग 'शुश्रूषा केंद्र' म्हणायचं, नाहीतर पाटीवर कवितेतला एखादा शब्द टाकायचा. माझी चौऱ्याऐंशी वर्षांची मावशी खुब्याचं हाड मोडल्यामुळे तीन महिने अशाच एका केंद्रात होती. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, त्यामुळे जिना चढता येईपर्यंत इलाज नव्हता. बायकांचा बारा खाटांचा हॉल. भेटीची वेळ चार ते सहा.

या दोन तासांत त्या हॉलमध्ये जे प्रेम कोसळायचं त्याला तोड नाही. त्यात मुख्यतः चार पंथ. पहिला पाया पडणाऱ्यांचा. पेशंटचा एक पाय ऑपरेशनचा आहे याची पर्वा न करता हे दोन्ही पायांना हात लावणार. दुसरा खाटेवर बसणाऱ्यांचा. शेजारी खुर्ची रिकामी असली तरी हे बसणार खाटेवरच, कारण खुर्चीत बसलं की आपुलकी दिसत नाही. यांची पिशवी, छत्री आणि हेल्मेट पेशंटच्या उशाशी. तिसरा भरवणाऱ्यांचा. आमच्या आत्या नारळाची वडी करून आणायच्या आणि ती स्वतःच्या हाताने मोडून मावशीच्या तोंडात घालायच्या. शेजारच्या खाटांवरही एकेक तुकडा जायचा. चौथा पंथ सगळ्यांत भारी, तो तपासणाऱ्यांचा. आमच्या काकांचे जावई डॉक्टर आहेत, त्यामुळे काका अर्धे डॉक्टर आहेत. ते पट्टीवर बोट दाबून "सूज उतरली हं" म्हणायचे आणि लघवीची पिशवी उचलून, उजेडाकडे धरून, रंग बघायचे. ही पिशवी कधीही मूत्राशयाच्या वर उचलायची नसते. उचलली की आतलं पाणी नळीतून उलटं फिरतं आणि बरोबर जंतूंनाही फुकट प्रवास घडतो. पण काकांना हे कोण सांगणार? जावई पुण्याला.

सांगायच्या त्या हॉलच्या सिस्टर. दारात उभ्या राहून त्या प्रत्येकाला म्हणायच्या, "आधी तेवढे हात धुऊन घ्या हं." बेसिन तिथेच होतं, साबण होता, वर पाटीही होती. एके दिवशी आमचे मामा तिथे अडवले गेले. मामा आंघोळीला पाऊण तास घेणारे गृहस्थ. ते भडकले.

"म्हणजे? आम्ही काय घाणेरडे आहोत?"

"तसं नाही काका, सगळ्यांनाच सांगते मी."

"सगळ्यांना सांगा. छत्तीस वर्षं नोकरी केली मी. माझ्या हाताला कधी डाग लागलेला नाही!"

मामा सेल्स टॅक्समधून निवृत्त झालेले असल्यामुळे हे वाक्य त्यांनी गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं. सगळा हॉल बघायला लागला. तेवढ्यात मावशीच्या शेजारच्या पाच नंबरच्या खाटेवरून आवाज आला, "डाग दिसतो हो. जंतू दिसत नाही. जा, धुऊन या." या होत्या बाई. एकोणऐंशी वर्षांच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई'च म्हणायचो. बेसिनवरच्या पाटीवर आधी 'कृपया हात धूवून आत यावे' असं लिहिलेलं होतं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सिस्टरांना बोलावून 'धूवून' खोडायला लावलं आणि 'धुऊन' करून घेतलं. त्यांचं म्हणणं, जंतू राहिले तर औषध देता येतं, चुकीचा दीर्घ ऊकार राहिला तर पिढ्या बिघडतात.

मामा निमूटपणे गेले आणि हात धुऊन आले. शाळेतल्या बाईंपुढे सेल्स टॅक्सचं काही चालत नाही. पण अपमानाचा सल काही त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांना हे सांगायला हवं होतं, की हा अपमान फार जुना आहे आणि तो फार मोठमोठ्या लोकांनी सोसलेला नाही.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक हंगेरियन डॉक्टर होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकायच्या, दुसऱ्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी. आता कुणालाही वाटेल की डॉक्टरांच्या विभागात बायका जास्त सुखरूप असतील. झालं होतं उलटं. डॉक्टरांकडच्या बायका बाळंतज्वराने पटापट मरत होत्या, सुइणींकडच्या त्या मानाने वाचत होत्या. सेमेलवाइसच्या लक्षात आलं की डॉक्टर मंडळी सकाळी प्रेतं फाडतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येतात. सुइणी प्रेतांकडे जात नाहीत. त्याने मे महिन्यात नियम केला, की ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठराहून अधिक बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये शंभरात दोनाच्या आसपास. जंतू नावाच्या वस्तूचा शोध अजून नीट लागायचा होता, पण हिशेब समोर होता.

तुम्हाला वाटेल, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असेल. छे! मोठमोठे डॉक्टर चिडले. आमच्या हातांनी बायका मरतात म्हणजे काय? पुढे अमेरिकेतले एक नामांकित प्रसूतितज्ज्ञ डॉ. चार्ल्स मेग्ज यांनीही असाच सूर लावला, की डॉक्टर हा सभ्य गृहस्थ असतो आणि सभ्य गृहस्थाचे हात स्वच्छच असतात. आमच्या मामांचं यापेक्षा वेगळं काय म्हणणं होतं? सेमेलवाइसने मात्र एक गोष्ट केली जी मला त्याच्या शोधापेक्षाही मोठी वाटते. आपण स्वतःही प्रेतं तपासलेल्या हातांनी किती बायकांना अकाली मरणाच्या दारात लोटलं ते देवालाच ठाऊक, असं त्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि वारला तोही जखमेत जंतू शिरून.

आता यात अपमान कसला, हे मला बँकेतला माणूस म्हणून कधीच कळलेलं नाही. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे रोज सकाळी बँक आमच्या मॅनेजरसाहेबांना सांगत असते, 'साहेब, तुमच्या एकट्यावर आमचा विश्वास नाही.' मी मोजलेली कॅश दुसरा मोजतो. मी टाकलेली एंट्री तिसरा तपासतो. वीस वर्षांत मी कुणाला 'म्हणजे मी काय चोर आहे?' असं विचारलेलं नाही. कारण तो संशय माझ्या चारित्र्यावर नसतो, माणसाच्या हातावर असतो. हात चुकतो. तो कुणाचा आहे याला महत्त्व नाही. सिस्टर नेमकं एवढंच म्हणत होत्या.

आणि म्हाताऱ्या माणसांच्या हॉलमध्ये हात चुकण्याची किंमत जबर असते. कातडी कागदासारखी पातळ झालेली. पडून पडून पाठीला जखमा. लघवीला नळी, म्हणजे जंतूंना शरीराच्या आत जायला सरळ पक्का रस्ता. खोकला इतका क्षीण, की छातीतला कफ बाहेर फेकण्याची ताकद नाही. तुम्ही-आम्ही ज्या जंतूला दोन शिंकांत उडवून लावतो, तो इथे बिऱ्हाड करतो. शिवाय कित्येकदा ताप चढत नाही, दुखतं कुठे ते सांगता येत नाही. नुसतंच माणूस गप्प होतं, किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागतो आणि आपण म्हणतो, 'वय झालं.' त्यात बारा जणींना दिवसा दोन आणि रात्री एकच मावशी. इथे मावशी म्हणजे माझी नव्हे, कामाच्या मावशी. दवाखान्यात सगळेच नातेवाईक असतात. याच मावशी चार नंबरचं लंगोट बदलणार, सहा नंबरला पेज भरवणार, नऊ नंबरची कूस वळवणार. मधे खाटेचा कठडा, वॉकर, बेलचं बटण आणि टीव्हीचा रिमोट. आमच्याकडे एका बँकेचे चेक दुसऱ्या बँकेत पोचवायला क्लिअरिंग हाऊस असतं. जंतूंचं क्लिअरिंग हाऊस म्हणजे माणसाचा हात. सुट्टी नाही, कमिशन नाही.

आपल्याकडे म्हण आहे, आपला हात जगन्नाथ. वाढणारा आपणच असलो की पानात काही कमी पडत नाही. जंतूंच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे. हात लावू तिथे भरभरून वाढतो.

मावशी तिथे असताना तिसऱ्या महिन्यात बाईंना बरं वाटेनासं झालं. एक दिवस त्या कुणाचंच व्याकरण सुधारेनात. दुसऱ्या दिवशी मावशीला त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली. मग ताप आला, इस्पितळात हलवलं. लघवीतून जंतू रक्तात गेला होता, आणि तोही असा मुरलेला, की नेहमीच्या औषधांना दाद देईना. चौथ्या दिवशी बाई गेल्या. पुढे तपासणीत त्याच हॉलमधल्या आणखी दोघींना तोच जंतू निघाला. त्यांच्याही खाटा लांब लांब होत्या. चालत कुणी एकमेकींकडे जात नव्हतं, कारण चालता येत असतं तर त्या तिथे कशाला असत्या?

मग तो कुणाच्या हाताने गेला? काकांच्या, आत्यांच्या, घाईतल्या मावशींच्या, की राउंडला येऊन सहा खाटांवर एकच स्टेथास्कोप टेकवणाऱ्या डॉक्टरांच्या? हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बँकेत चार रुपये इकडचे तिकडे झाले तरी आम्ही रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उपसत बसतो आणि शोधून काढतो. जंतूच्या व्यवहाराला व्हाउचर नसतं. घेणाऱ्याची सही नाही, देणाऱ्याची नाही. एक माणूस गेलं आणि ज्याच्या हातून गेलं, तो त्या संध्याकाळी घरी जाऊन स्वच्छ हात-पाय धुऊन जेवला असणार. यात पाप कुणाचं? हेतू कुणाचाच वाईट नव्हता. आत्यांची वडीसुद्धा प्रेमाचीच होती.

या प्रश्नावर जगात बरीच चर्चा झालेली आहे, पण मला त्याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या एका नियमात सापडलं. तुम्ही भरणा करायला आलात आणि तुमच्या पुडक्यात एखादी खोटी नोट निघाली, तर आम्ही तुम्हाला गुन्हेगार मानत नाही. नोट तुम्हाला कुणीतरी दिलेली असते, तुम्हाला पत्ता नसतो. चार नोटांपर्यंत पोलिसांना महिन्याच्या यादीत कळवलं जातं. पाच किंवा जास्त निघाल्या तर मात्र फिर्याद. पण नोट एक असो की चार, ती तुम्हाला परत मिळत नाही. तिच्यावर शिक्का मारून आम्ही ती ठेवून घेतो आणि तुम्हाला पावती देतो. गिऱ्हाईक गयावया करतं, "द्या हो, मी खपवीन कुठेतरी." ते 'खपवीन' म्हणतं, तिथे गुन्हा सुरू होतो. माहीत नसताना बाळगली, तोवर तुम्ही नुसते कमनशिबी. माहीत झाल्यावर चालवली, की तुम्ही गुन्हेगार.

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट हीच. ही आयरिश स्वयंपाकीण, हाताला चव. मात्र ती जिथे जिथे स्वयंपाकाला राहिली त्या घरांत विषमज्वर निघाला. तिच्या अंगात जंतू होते आणि तिला स्वतःला काही होत नव्हतं. १९०७ साली जॉर्ज सोपर नावाचा गृहस्थ तिला हे समजावून सांगायला गेला तेव्हा ती मांस कापायचा काटा घेऊन त्याच्या अंगावर धावली. 'मी धडधाकट आहे आणि मला रोगी म्हणता?' पुन्हा आमचे मामाच! तिला एका बेटावर ठेवलं. १९१० साली 'यापुढे स्वयंपाकाचं काम करणार नाही' या कबुलीवर सोडलं. १९१५ साली बायकांच्या एका इस्पितळात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, दोघं दगावले. तपास केला तर स्वयंपाकघरात नाव बदलून मेरीच उभी. मग तिला पुन्हा बेटावर नेलं, ती १९३८ साली मरेपर्यंत तिथेच होती. पहिल्या वेळी ती खोटी नोट बाळगणारी होती. दुसऱ्या वेळी खपवणारी.

यावर तुम्ही म्हणाल, 'आमच्या अंगात कसले जंतू?' धडधाकट अशा दहा माणसांतल्या साधारण तिघांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू सुखाने नांदत असतो. त्यांना तो काही करत नाही. पाठीच्या जखमेत पोचला तर मात्र वेगळाच वागतो. तेव्हा एस. टी.च्या एका बाकावर तीन माणसं बसली असतील, तर एक मेरी मॅलन हिशेबाने बसलेलीच आहे.

आणि बाईंच्या जंतूला औषध का लागू पडेना? ज्याने पेनिसिलिन शोधलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा धरतो. तो स्वतःच अर्धवट पेनिसिलिन घेतो. जंतू मरत तर नाहीत, वर औषधाला सरावतात. ते त्याच्या बायकोला लागतात, तिला न्युमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंगने स्वच्छ सांगितलं, नवरा. आपल्या घराघरांत फ्रीजवरच्या डब्यात ज्या अर्ध्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या असतात, 'मागच्या वेळी याच गोळ्यांनी बरं वाटलं होतं' म्हणून शेजाऱ्यालाही देतो आपण, त्या पट्ट्या म्हणजे जंतूंचे क्लासेस आहेत.

पण मेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. स्वयंपाक सोडल्यावर तिला धुण्याचं काम मिळालं आणि त्यात पैसे कमी होते. गरीब परदेशी बाईला 'हे करू नकोस' सांगणारे पुष्कळ होते, 'मग काय करू?' याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आपल्या केंद्रातल्या मावशींचं तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. रात्रपाळीच्या मावशी बारा जणींना मिळून शंभर वेळा हात लावतात असं धरू. शंभर मिनिटं. म्हणजे पावणेदोन तास ती बाई नुसती बेसिनशी उभी, आणि तिकडे तीन जणी बेल वाजवताहेत. मग ती धुणं टाळणार नाही तर काय करेल? म्हणून प्रत्येक खाटेपाशी हात चोळायच्या द्रावणाची बाटली हवी. त्याला २० ते ३० सेकंद पुरतात. कुणाला जुलाब लागले असतील तिथे मात्र साबण-पाणीच हवं, कारण त्यातल्या काही जंतूंची बीजं द्रावणाला भीक घालत नाहीत. रात्री दोन मावशी हव्यात. आणि बेसिनशेजारी खिळ्याला टांगलेला, जन्मतः पांढरा असलेला तो सार्वजनिक नॅपकिन तर आधी काढायला हवा. हे सगळं न देता पाटी लावणं म्हणजे शाखेत माणसं न देता 'ग्राहक हा राजा आहे' असं लिहून ठेवण्यासारखं आहे. आणि ते द्यायचं तर महिन्याचं बिल वाढतं. ते वाढलं की आरडाओरडा करणाऱ्यांत आपणच असतो.

आता कुणी म्हणेल, 'आमच्या आजीच्या सोवळ्यात हे सगळं होतंच की.' माझी आजी धाबळी नेसून स्वयंपाक करायची आणि आम्ही दहा फुटांवर दिसलो तरी 'शिवू नकोस' म्हणून ओरडायची. पण सोवळ्याची दिशा बघा. सोवळ्यात मी शुद्ध असतो आणि सगळं जग ओवळं. संशय नेहमी दुसऱ्यावर. त्याच संशयाने आपल्या देशात माणसांना विहिरीपासून, देवळापासून, माणसांपासून लांब ठेवलं. आजही काही घरांत कामाच्या मावशींचा कप वेगळा असतो आणि तो 'आरोग्यासाठी' असतो. हात धुण्यात दिशा उलटी आहे. इथे संशयित मी. २०२० साली आपण भाज्या साबणाने धुतल्या, आमच्याकडे लोक पासबुकं चिमट्यात धरून पुढे करायचे, दारादारांत पायाने दाबायच्या बाटल्या लागल्या. मला तेव्हा वाटलं, आता सवय लागली. पण ते पुन्हा सोवळंच होतं, स्वतःच्या जिवाचं. भीती सरली तशा बाटल्याही सुकल्या. तज्ज्ञ मंडळींच्या पाहण्यांतही हेच दिसतं, की डॉक्टर-परिचारिकासुद्धा पेशंटला हात लावल्यानंतर जितक्या वेळा धुतात, तितक्या वेळा हात लावण्याआधी धुत नाहीत. मराठी माणूस एकटाच नव्हे, सगळी मनुष्यजातच 'नंतर'वाली आहे.

आणि नुसतं लांब राहणं हा काही उपाय नव्हे. १८९७ साली पुण्यात प्लेगने माणसं घरदार सोडून पळत होती, तेव्हा सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांना आणून त्यांची सेवा करत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांना बेसिनवरची बाटली नव्हती, औषध नव्हतं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. मावशीच्या हॉलमध्येही ज्यांना भेटायला कुणी यायचं नाही, त्या बायका येणाऱ्या कुणाचाही हात धरून ठेवायच्या, सोडायच्या नाहीत. त्यांना 'शिवू नका' सांगणं हे दुसऱ्या प्रकारचं मरणच. तेव्हा 'शिवू नको' हे आपलं वाक्य नव्हे. आपलं वाक्य, 'धुऊन शीव.' बाईंचा ऱ्हस्व उकार धरून.

अडचण एकच आहे. या पुण्याची पावती मिळत नाही. तुम्ही केळी नेलीत तर पेशंट 'कशाला आणलंत' म्हणतो. वडी नेलीत तर 'छान झाली' म्हणतो. हात धुऊन गेलात तर काय होतं? काहीच होत नाही. पेशंटला ताप येत नाही, शेजारच्या खाटेवरची बाई जिवंत राहते, आणि ती तुमच्यामुळे जिवंत आहे हे तिलाही कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. बँकेत ज्या दिवशी कॅश पैशाला पैसा जुळते, त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवत नाही. आम्ही ड्रॉवर लावतो, दोघं मिळून स्ट्राँगरूम बंद करतो आणि आपापल्या गाडीला लागतो. तसंच समजायचं आणि पाच मिनिटं आधी निघायचं, कारण चार वाजता बेसिनपाशी रांग असते.